रकाना सात

बंबाच्या लॉगबुकात सातवा रकाना: हद्द.
त्यात एकच शब्द लिहायचा आहे
आणि शुक्रवारपर्यंत ऑडिटला उत्तर द्यायचं आहे.

पूल लहानच. खाली नाला, आठ महिने कोरडा.
अलीकडे पाटी: पिंपळदरा नगर पंचायत आपली आभारी आहे.
पलीकडे पाटी: चिंचोना ग्रामपंचायत आपले स्वागत करते.
मधली बारा पावलं कोणाचीच नाहीत.
तिथं डांबरही दोन रंगांचं,
आणि खड्डा पडला की बरोब्बर मधोमध पडतो.

तीन उन्हाळ्यांमागे चिंचोन्यात कुटाराला आग लागली.
दुपारचे दोन, पारा सेहेचाळीस.
बंब निघाला, घंटा वाजवत पुलापर्यंत गेला
आणि थांबला.
इस्माईल ड्रायव्हर फोनवर विचारत राहिला: जाऊ का?
इकडून साहेब म्हणाले, ठराव नाही.
तिकडून बीडीओ म्हणाले, आधी पत्र द्या.
पारबता कन्नाके पळत पुलावर आली, हातात रिकामं गुंड.
"काहून थांबला भाऊ? गाडीत पानी नाही काय?"
पाणी होतं. पाच हजार लिटर.
इस्माईल अजून तो आकडा तोंडातून काढत नाही.
म्हणतो, टाकी भरून होती.

मग बैठका झाल्या.
पहिलीत चहा आला, हजेरीचा कागद फिरला.
दुसरीत जिल्हा परिषदेचे अभियंते आले, नकाशा घरी विसरून.
तिसरीत भांडण: डिझेल कोणाचं, टायर कोणाचे,
इस्माईलचा रात्रीचा भत्ता कोणी द्यायचा,
आणि बंबावर आधी नाव कोणाचं.
नावावरच दीड तास गेला.
शेवटी बोरगव्हाणचे सरपंच ठोंबरे उठले,
"नाव राहू द्या बाप्पा, दारावर फोन नंबर लिहा मोठ्ठा.
रातच्या दोन वाजता नाव कोन वाचते?"

अकरा गावं, एक शहर, एक करारनामा.
टाइप मीच केला.
यापुढे पहिला पक्ष, यापुढे दुसरा पक्ष,
असं चाळीसदा लिहिताना वाटलं,
लग्नपत्रिका असती तर एव्हाना वाजंत्री आली असती.

सह्या झाल्या. आम्ही गावांकडून फोन यायची वाट पाहत बसलो.
फोन आला तो आमच्याच बसस्टँडमागून.
फाल्गुन संपत आलेला, जिनिंगमधली सरकी पेटली होती,
आणि शहराच्या टाकीत वीतभर गाळ.
बंब एका फेरीत रिता झाला.

तेव्हा पुलावर दिवे दिसले.
एकामागे एक. फवारणीच्या टाक्या, दुधाचे कॅन,
कोणाच्या लग्नाला भरून ठेवलेले निळे ड्रम,
त्यावर अजून हळदीची बोटं.
ट्रॉलीत पारबता उभी.
मी तिला ओळखलं.
तिनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
"पाइप धर वो बाई," एवढंच म्हणाली.
मी धरला. आयुष्यात पहिल्यांदा हात भिजले कामानं,
नाहीतर नुसती शाई.

अर्धी सरकी वाचली. अर्धी चार दिवस धुमसत होती,
सगळ्या गावाला तळणाचा वास.

आता ऑडिटचा आक्षेप असा:
आग पहिल्या पक्षाची, पाणी दुसऱ्या पक्षाचे,
तरी डिझेल नेमके कोणत्या खाती टाकावे,
व रकाना सात कोरा का?

कोरा नाही तो.
नीट पाहिलं तर पेन्सिलीनं, इस्माईलच्या तिरक्या अक्षरात,
लिहिलंय: पूल.
आग पुलावर नव्हती, मला ठाऊक आहे.
पेन शोधते आहे, त्यावरूनच गिरवीन म्हणते.

आणि हो, पुलाखाली दोन्हीकडचा कचरा तसाच पडून आहे.
पन्न्या, नारळाच्या शेंड्या, एक मोडका कूलर.
त्याची पहिली बैठक सोमवारी.
चहा सांगितला आहे.